वाळूत ठोकलेल्या नळीची कहाणी

हातातल्या अक्षता हातात राहू द्या, डोळा लागला असेल तर उघडा, आणि ऐका जळदेवीची कहाणी.

आटपाट नगर होतं. नगराच्या कडेला खाडी, खाडीच्या कडेला वाळू, आणि वाळूवर एक घर होतं. घरात बाबल, बाबलची बायको येसू आणि बाबलची आई. आई अंगानं अशी भरलेली, की ती ओसरीवर बसली की मागच्या अंगणातल्या कोंबड्या हातभर उडत.

नगरात गोड पाण्याची विहीर एकच, ती शेटाणीची. एके दिवशी शेटाणी येसूला म्हणाली, "आधी माझ्या पाया पड, मग पाणी ओढ." येसू म्हणाली, "बाई, पाया देवाच्या पडते, पाणी दोरीनं ओढते." झालं! त्या घराचं पाणी बंद. मग येसू दोन कोसांवरच्या ओढ्यावरून पाणी आणू लागली.

बाबल कंटाळला. म्हणाला, "येत्या पुनवेला गाडी सांगितली आहे. मामाच्या गावी जाऊ. पाण्यावाचून घर कसलं?" आईनं खांबाला मिठी मारली. "उंबऱ्यावरचं माप सांडून आत आले, आता चौघांच्या खांद्यावरूनच बाहेर जाईन." मग येसू म्हणाली, "पुनवेपर्यंत मला मुदत द्या. पाणी अंगणात आणते." बाबल हसला. "आण. समुद्रही आण थोडा."

दुसऱ्या दिवशी येसू ओढ्यावर गेली. तिथं एक म्हातारी वाळूत लोखंडी नळी ठोकत होती. "बाई बाई, हे काय करता?" "नळीचा वसा वसते." "मला सांगाल?" "तुला कशाला? चार घाव घालशील, फुगशील, नेम मोडशील." येसू म्हणाली, "फुगणार नाही, थकणार नाही, घेतला नेम मोडणार नाही."

मग म्हातारीनं झोळीतून तीन नळ्या काढल्या, एक लाकडी मोगरी काढली, नळीच्या डोक्यावर बसेल अशी लोखंडी टोपी काढली, एक हापसा काढला. एवढं झोळीत कसं मावलं ते मला विचारू नका, झोळी देवीची होती. पहिल्या नळीला भाल्यासारखं टोक, टोकावर बारीक भोकांची जाळी; बाकीच्या दोन तिच्यावर एकीवर एक जोडायच्या. म्हातारी म्हणाली, "नेम तीन. नळीच्या डोक्यावर टोपी घातल्यावाचून तिला घाव घालू नये. नळी वाकडी जाऊ देऊ नये. आणि हातभर आत गेली की थांबावं, दोरीला खडा बांधून आत सोडावा, ओली येते का पाहावं. मग पुढं ठोकावं."

येसूनं अंगणात जागा सारवली, हळदकुंकू वाहिलं, पदर खोचला. पहिल्या दिवशी तीन हात ठोकली. दोरी सोडली, कोरडी. दुसऱ्या दिवशी सहा हात. दोरी कोरडी. तिसऱ्या दिवशी नऊ हात. दोरी कोरडी. हाताला फोड आले, फोड फुटले, फुटल्यावर घट्टे पडले. नगर हसू लागलं. घावांचा आवाज पाताळात गेला. शेषाला कान नाहीत, तरी त्यानं हजार डोक्यांवर हजार उशा घेतल्या. खोटं वाटेल त्यानं उशा मोजून याव्यात.

चवथ्या दिवशी नळी लोण्यात सुरी जावी तशी जाऊ लागली. येसूला हुरूप आला. एक हात गेली. "आता कशाला थांबू?" दुसरा हात गेली. "अशीच जाऊ दे!" तिसरा हात गेली आणि धप्पकन अडली. मग दोरी आठवली. सोडली, तर टोक जेमतेम ओलं, आणि खड्याला काळी चिकण माती. हापसा बसवला, मारला. नुसती घरघर.

उद्या पुनव. येसू खाली बसली, पण रडली नाही. तेवढ्यात म्हातारी दारी आली. तिनं ओंजळभर पाणी मागून नळीत ओतलं. पाणी होतं तिथंच राहिलं. म्हातारी म्हणाली, "जी भुई पाणी पीत नाही, ती पाजतही नाही. ज्या दोन हातांवर तू थांबली नाहीस, पाणी तिथंच वर राहिलं. आता उपट." एवढं बोलून ती वाळूत विरघळली.

पुनव उजाडली, गाडी दारी येऊन उभी राहिली. ठोकणं सोपं, उपटणं कठीण! येसूनं नळीला दोर आवळला, दगडावर वासा आडवा टाकला, एक टोक दोरात अडकवलं, दुसऱ्या टोकावर स्वतः बसली. नळी हलेना. बाबलला हाक मारली. "तू ठोकायचीस आणि मी उपटायची?" असं कुरकुरत तोही बसला. नळी बोटभर हलली. मग येसू सासूपाशी गेली. "सासूबाई, चला." "मी म्हातारी कसल्या उपयोगाची गं?" "तुमचं वजन उपयोगाचं." सासू रागावली, उठली, पदर सावरून वाशावर बसली. नळी दोन हात वर आली, आणि बाबल उडून शेवग्यावर जाऊन बसला.

येसूनं दोरी सोडली. या खेपेला दोरी दोन हात ओली आली.

पण कोरडा हापसा पाणी ओढत नाही, त्याला आधी पाणी पाजावं लागतं. घरात उरला होता एक तांब्या, सासूसाठी झाकून ठेवलेला. येसू तांब्याकडे पाही, सासूकडे पाही. सासू म्हणाली, "ओत! इतकं उपटलं ते बघत बसायला?"

येसूनं ओतलं. हापसा मारला. पहिल्यांदा वारा आला. दुसऱ्यांदा गाळ आला. तिसऱ्यांदा गढूळ धार आली, आणि मारता मारता निवळशंख झाली.

सासूनं ओंजळ धरली, प्यायली, पुन्हा धरली, पुन्हा प्यायली. मग शेवग्याकडे मान वर करून म्हणाली, "बाबल, खाली उतर. गाडीवाल्याला सांग, बैल सोड आणि त्यांना इथं पाण्यावर आण."

जशी जळदेवी येसूला पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. जाणाऱ्यांना राहतं करो, हुरुपात थांबायची बुद्धी देवो. ही साठां घावांची कहाणी पांचा घावांत सांगितली, पाणी लागलं, सुफळ संपूर्ण.