एका दिवसाचा अध्यक्ष

एकदा एक कुंभार एका दिवसापुरता आपल्या नगराचा अध्यक्ष झाला.

प्राचीन ग्रीसमधल्या त्या नगरात राजा नव्हता. रोज सायंकाळी सभागृहात एक घडा ठेवत. त्यात पुष्कळ काळे दाणे असत आणि एकच पांढरा. ज्या नागरिकाच्या हाती पांढरा दाणा येई, तो नगराची किल्ली गळ्यात घालून दुसऱ्या दिवशीची सभा चालवी. त्या सायंकाळी पांढरा दाणा थेरॉन कुंभाराच्या हाती आला.

थेरॉन फार बुजरा होता. तो घरी आला तेव्हा त्याचे वृद्ध गुरू ओसरीवर बसले होते आणि बहीण मिर्टो चाकावर माती चढवत होती.

"गुरुजी, ही किल्ली दुसऱ्या कुणाला तरी द्या," तो म्हणाला. "उद्या सभेत तो तेलाचा व्यापारी बोलायला उभा राहील. त्याला आजवर कुणी खाली बसवू शकलेलं नाही. मी तर गिऱ्हाइकाशीसुद्धा खाली मान घालून बोलतो."

"दादा, किल्ली आहे ती, साप नाही," मिर्टो म्हणाली.

गुरूंनी फक्त विचारले, "जेवलास का?"

सभेचा नियम साधा होता. तळाला भोक असलेल्या मडक्यातले पाणी गळून संपेपर्यंतच प्रत्येकाने बोलायचे. पण व्यापारी पाणी संपल्यावरही बोलत राही, लोक भुकेने उठून जात, आणि वरच्या आळीत विहीर खणण्याचा विषय दरवेळी मागे पडे. तिथली माणसे लांबून पाणी वाहून आणत.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. व्यापारी उठणार, इतक्यात गुरूच उभे राहिले. ते मोजके बोलणारे म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे सगळे कान देऊन ऐकू लागले. गुरू आपल्या शेळीविषयी बोलू लागले. ती काय खाते, कुठे झोपते, कुणावर रुसते. मडके रिकामे झाले, तरी शेळी काही संपेना.

"गुरुजी, पाणी संपलं," थेरॉन पुटपुटला.

"हो का? तर, त्या शेळीची आई..."

व्यापारी गालात हसला. थेरॉनचे कान लाल झाले. तो उभा राहिला.

"गुरुजी, खाली बसा. पुढच्या माणसाची पाळी आहे."

गुरू तत्काळ खाली बसले, मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखे.

मग व्यापारी उठला. तो छान बोलला, पण एक डोळा मडक्यावर ठेवून. शेवटचा थेंब पडला तसा तो अर्ध्या वाक्यातच बसला आणि सगळी सभा हसली. शेवटी तोही हसला. त्यानंतर वरच्या आळीतला एक चांभार आयुष्यात पहिल्यांदा बोलायला उभा राहिला. हात वर झाले. विहीर मंजूर झाली.

सायंकाळी वरच्या आळीतून गाणी ऐकू येत होती. घरच्या ओसरीवर थेरॉनने विचारले, "गुरुजी, आज तुम्ही असं का वागलात?"

"तू आधी व्यापाऱ्याला बसवलं असतंस, तर तो म्हणाला असता, कुंभाराने माझा अपमान केला. पण ज्याच्या तू रोज पाया पडतोस त्यालाच बसवलंस. तेव्हा सर्वांना कळलं की बोलतो आहे तो थेरॉन नव्हे, नगर. तुझं ऐकताना मला कमीपणा वाटला नाही. उद्या किल्ली दुसऱ्याच्या गळ्यात असेल, तेव्हा तुलाही वाटू नये. आपलं नगर एवढ्यावरच उभं आहे."

गुरू जायला उठले. तेव्हा मिर्टोने चाक थांबवले.

"गुरुजी, त्या घड्यात हात घालायची आम्हा बायकांची पाळी कधी?"

गुरूंनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, मुली. हे नगर वसलं, तेव्हा आपल्या पूर्वजांनी... म्हणजे त्या काळी प्रथा अशी होती, आणि त्या प्रथेचं मूळ पाहू गेलं तर..."

मिर्टोने बराच वेळ ऐकून घेतले. मग ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, पाणी संपलं."

गुरू थबकले. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा मुकाट्याने खाली बसले.

"बोल, मुली," ते म्हणाले. "आता तुझी पाळी."