महाराजांची हिरवळ आणि काठोकाठ चहा

उंचावळीचे महाराज पडले! तेही राजवाड्यासमोरच्या हिरवळीवर, शेजारच्या संस्थानाचे राजे पाहुणे आलेले असताना, त्यांच्यासाठी आणलेला हार हातात धरून! एका उंचवट्याला पाय अडला आणि महाराज थेट पाहुण्यांच्या जोड्यांपाशी आडवे झाले.

"अहो, इतका वाकून मुजरा कशाला?" पाहुणे म्हणाले.

पाहुणे गेले, जाताना दहा दिवसांनी परत येतो म्हणाले. महाराजांनी तडक म्हाताऱ्या येसबा माळ्याला बोलावणं धाडलं. येसबाला ऐकू कमी यायचं, म्हणून त्याची मुलगी तुळसा बरोबर आली. राजवाड्याचा ट्रॅक्टर तीच चालवायची. शहरातून आणलेला ड्रायव्हर महाराजांच्या रागाला घाबरून पळाला, त्या दिवशी ती सीटवर चढली आणि तिने ट्रॅक्टर हौदात घातला. दुसऱ्या दिवशीही हौदातच! "म्हटलं, आधी एक वाट पक्की करावी," असं ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरली.

"ही हिरवळ आठ दिवसांत ताटासारखी सपाट पाहिजे!" महाराज गरजले. 

"करते की, महाराज. गवत तर उन्हानं करपलंच आहे. ट्रॅक्टरला फण लावून उंचवटे फोडायचे, मग मागं फळी जोडून माती खळग्यांत ओढायची. फळीवर वजनाला दहा-बारा दगड ठेवले की..."

"दगड चालणार नाहीत! मागच्या वर्षी दगड गडगडले आणि नवे खड्डे पडले. दगड नको, पोती नको, लोखंड नको!"

"मग चार गडी उभे करते."

"नोकरमाणूसही फळीवर नको! सगळे उड्या मारून उतरतात, टाचांचे खळगे पाडतात."

"पण महाराज, वजन नसलं तर फळी माती ओढतच नाही. वरच्या वर नाचत जाते."

"ते तुझं तू बघ! आठव्या दिवशी मी काठोकाठ भरलेला चहाचा कप हातात घेऊन या टोकापासून त्या टोकाला जाईन. एक थेंब जरी सांडला, तरी बापलेकींनी बागेतली खोली रिकामी करायची!"

"महाराज चालत जाणार?"

"चालत? त्या जागेवरून? मी?" महाराजांनी दुखरा गुडघा चोळला. "तुझ्या ट्रॅक्टरमागं बसून जाईन!"

बाहेर आल्यावर येसबानं विचारलं, "काय म्हणाले गं?"

"चहाला येतो म्हणाले," तुळसा ओरडून म्हणाली. म्हाताऱ्याला तेवढं पुरे होतं.

तीन दिवस तिनं फण फिरवला. उंचवटे फुटले, ढेकळं निघाली. मग फळी जोडली, आणि ती ढेकळांवरून टुणटुणत गेली. तुळसानं राजवाड्याच्या सुताराला घटकाभर स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः फळीवर चढली. फळी तशीच टुणटुणली.

"बसलीस का?" सुतारानं मागं न बघता विचारलं.

"केव्हाची! फळीला वाटतंय कावळा बसलाय!" तुळसा म्हणाली. काडीसारखं अंग, तिचं तिलाच हसू आलं आणि रडूही.

सातव्या दिवशी ती ट्रॅक्टरला टेकून नुसती बसून राहिली. समोर सज्जात महाराज चहा घेत होते. बरोबर चकल्यांची परात होती. तुळसा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग ताडकन उठली आणि सुताराकडून तिनं फळी रुंद करून घेतली.

आठव्या दिवशी सकाळी महाराज आले. पाहतात तर जमीन अजून खालीवर! आणि ट्रॅक्टरमागच्या रुंद फळीवर त्यांचीच शिसवी खुर्ची दोरांनी आवळून बांधलेली.

"बसावं, महाराज. आपणच म्हणाला होता, ट्रॅक्टरमागं बसून जाईन."

महाराज बसले. फळी करकरली. खानसाम्यानं काठोकाठ कप हातात दिला. ट्रॅक्टर निघाला, आणि पहिल्याच ढेकळाला सगळा चहा मिशांवर!

"हरलीस!" महाराज ओरडले.

"कितव्या फेरीला सांडायचा नाही, ते कुठं सांगितलं होतं? का थकलात, महाराज?"

"मी? थकलो? भरा कप!"

हट्टी माणूस! दुसऱ्या कपात अंगरखा भिजला, तिसऱ्यात बाही. प्रत्येक फेरीला तुळसा ट्रॅक्टर थोडा बाजूनं घेई. मागं फळी माती कापत होती, ढेकळं चुरत होती, खळगे भरत होती. सगळं मैदान आडवं फिरून झालं, मग उभं. दुपार टळेपर्यंत खानसाम्याचा दुसरा हंडा संपला. शेवटच्या फेरीला महाराज या टोकापासून त्या टोकाला गेले, आणि कपातला चहा जागचा हलला नाही!

"जिंकलो!" महाराज ओरडले आणि उठले.

"उडी मारू नका, महाराज! टाचेचा खळगा पडेल!"

महाराजांनी दचकून मागं पाहिलं. मैदान ताटासारखं सपाट! त्यांनी फळीकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं, मग सावकाश स्वतःच्या पोटाकडं पाहिलं.

"म्हणजे... दिवसभर तू मला दगडाच्या जागी वापरलंस?"

तुळसा हात जोडून म्हणाली, "महाराज, माझं वजन फळीनं मोजलंच नाही. दगड नको, पोती नको, लोखंड नको, नोकर नको, असा आपला हुकूम. मग अख्ख्या संस्थानात शोधलं. नोकर नसलेलं वजनदार माणूस एकच सापडलं!"

बाजूला उभ्या असलेल्या दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. महाराजांच्या मिशा थरथरल्या, पोट गदगदलं, आणि ते इतक्या मोठ्यानं हसले की उरलेला चहा आता सांडला!

"तीस वर्षं गादीवर बसलो, काही सरळ झालं नाही! आज फळीवर बसलो आणि मैदान सपाट झालं! पोरी, बागेतली खोली तुमची कायमची. आणि हा ट्रॅक्टर, फळीसकट, तुझा!"

तुळसा मुजरा करून जरा घुटमळली. "महाराज, नदीकाठी बाबांचं अर्धा एकर रान आहे. तेही फार खालीवर आहे. ट्रॅक्टर दिलात, फळी दिलीत... वजन कधी पाठवता?"

"उद्या सकाळी!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "पण चहा तुझ्याकडचा!"