शेणकिड्यांची शर्यत

यातला एक तरी शब्द खरा मानून दाखव बरं! फार मागं शेणकिडे माळावर गोळे ढकलायची शर्यत लावायचे. भांडणं नकोत म्हणून त्यांनी सरड्याला पंच केलं. सरड्यानं नियम काढला, डोक्यावर गोगलगाईचा शंख पाहिजे. शंख मिळायचा त्याच्याच मेव्हण्याकडं, पहिल्या साली वीस माश्यांना, दुसऱ्या साली चाळीसला.

ठकू शेणकिडीला पळायचं होतं, पण एवढ्या माश्या कुठनं आणणार? ती गोळा घेऊन बांधापल्याड गेली. बाकीचेही तिच्यामागं गेले.

सरडा धापा टाकत आला. "अगं, पंचाशिवाय कसली शर्यत?"

"या की, मामा! आमचा एकच नियम. पंचानं आधी एक गोळा ढकलायचा."

सरड्यानं शेण हुंगलं, अन् रंग बदलून गवतात गवत झाला. अजून कुणाला सापडला नाही.

हसतोस काय? ऊठ, जा आता!