बडबड्या शिकारी आणि खिंडीतलं रानडुक्कर

डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक शिकारी होता. त्याचा नेम असा, की झाडावरचं सांगाल ते पान टिपावं. पण एक गोष्ट त्याला मुळीच जमत नसे, ती म्हणजे गप्प बसणं. सकाळी दात घासताना तो शेजाऱ्याशी बोले, दुपारी पारावर बोले, जेवताना बायकोशी बोले, आणि कोणीच सापडलं नाही तर गोठ्यातल्या बैलाला गावच्या बातम्या सांगे. लोक त्याला बडबड्या म्हणत. त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

गावातून बाजारपेठेला जायची जवळची वाट डोंगरातल्या एका खिंडीतून होती. एका उन्हाळ्यात त्या खिंडीत एक दांडगं रानडुक्कर येऊन राहिलं. कळप सोडून एकटंच फिरणारं, वासराएवढं, आणि माणूस दिसला की सुळे रोखून धावून येणारं. त्याने एका कुंभाराची मांडी फाडली, त्याची दोन गाढवं लोळवली. कुंभार कसाबसा वाचला, पण लोकांनी खिंड सोडली. सगळे डोंगराला वळसा घालून जाऊ लागले. एका दिवसाचा बाजार तीन दिवसांचा झाला.

गावाने दोनदा हाका घातला. ढोल बडवले, थाळ्या वाजवल्या, पन्नास माणसं ओरडत रानात शिरली. डुक्कर आवाज ऐकून कधीच पसार झालेलं असे, आणि माणसं घरी पोहोचेपर्यंत पुन्हा खिंडीत हजर.

शेवटी पाटलांनी शिकाऱ्याला बोलावलं.

"हे काम घोळक्याचं नाही," पाटील म्हणाले. "एकट्याने जाऊन दबा धरून बसायला हवं. आठ दिवस लागोत, नाहीतर महिना लागो."

"जातो की!" शिकारी म्हणाला.

"तिथे बोलायला कोणी नसेल, बरं का."

"पाटील, मी काय कुकुलं बाळ आहे?"

घरी बायकोने नाचणीचं पीठ, मीठ, मिरच्या आणि गुळाचा मोठा खडा बांधून दिला. "पीठ महिन्याचं दिलंय," ती हसत म्हणाली, "पण चौथ्या दिवशी तुम्ही दारात उभे असाल." शिकाऱ्याने धनुष्य खांद्याला लावलं आणि नाक वर करून निघाला.

पहिले तीन दिवस मोठ्या झोकात गेले. खिंडीच्या वरच्या अंगाला एक सपाट खडक होता. तिथे तो बाण जोडून बसला. पाखरू फडफडलं तरी त्याचे डोळे तिकडे वळत. चौथा दिवस त्याने केवळ बायकोला खोटं पाडायचं म्हणून काढला. पाचव्या दिवशी मात्र त्याची जीभ वळवळू लागली. समोरच्या कड्यावरच्या भेगा त्याने तीनदा मोजल्या. तिन्ही वेळा आकडा वेगळा आला, आणि तो कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

सहाव्या दिवशी एक कोतवाल पक्षी शीळ घालत होता. शिकाऱ्याला राहवलं नाही, त्याने उलट शीळ घातली. नेमकं त्याच वेळी वळणावर डुक्कर आलं होतं. शीळ ऐकताच ते गर्रकन वळलं आणि झाडीत दिसेनासं झालं. सातव्या दिवशी कंटाळून त्याला बसल्या बसल्या झोप लागली. जागा झाला तेव्हा खडकाखालच्या धुळीत ताजे खूर उमटलेले होते. डुक्कर त्याच्या नाकाखालून निघून गेलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी शिकाऱ्याने गाठोडं बांधलं. "बस झालं," तो मोठ्याने म्हणाला. स्वतःचाच आवाज ऐकून त्याला केवढं बरं वाटलं! पण गावात सांगायचं काय? डोंगर उतरता उतरता तो उत्तराची तालीम करू लागला.

"पाटील, डुक्कर गेलं! मी असा डोळा वटारला, की खिंड सोडून पार पलीकडच्या डोंगरात पळालं!" त्याने एका झाडापुढे उभं राहून हात नाचवले. "आता खुशाल जा खिंडीतून!"

"गेलं का? बरं झालं बाई!"

शिकारी दचकला. झाडामागून एक म्हातारी पुढे आली. पायथ्याच्या रानात झोपडी बांधून राहणारी, डिंक गोळा करणारी ती म्हातारी होती. पाठीला टोपली, हातात छोटी कुऱ्हाड.

"दोन महिने वळसा घालून बाजार गाठतेय," ती म्हणाली. "गुडघे अगदी बोलायला लागलेत. उद्या खिंडीतूनच जाते. देव तुझं भलं करो, लेकरा."

शिकाऱ्याचे नाचणारे हात खाली आले. गावात शंभर माणसांपुढे त्याने ही थाप बिनदिक्कत मारली असती. पण समोर एकच म्हातारी उभी होती. तिचे वाकडे गुडघे त्याला दिसत होते, आणि ते डुक्कर कसं धावून येतं हेही त्याला ठाऊक होतं.

"नको आजी," तो खाली बघत म्हणाला. "उद्या जाऊ नकोस. डुक्कर तिथेच आहे. मी खोटं बोलत होतो."

म्हातारीने टोपली खाली ठेवली आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं. "भ्यालास?"

"भ्यालो नाही गं! करमत नाही. नऊ दिवस झाले, बोलायला माणूस नाही. एकेक दिवस वर्षासारखा वाटतो. चित्त थाऱ्यावर राहत नाही, मग हातून चुका होतात."

"दिवसभर करतोस काय?"

"वाट बघतो."

"ते डोळ्यांचं काम झालं. हातांनी काय करतोस?"

शिकाऱ्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

"हे बघ," म्हातारी म्हणाली, "मी धावड्याच्या खोडाला खाच पाडते. डिंक काही लगेच येत नाही. पाच दिवस, आठ दिवस लागतात. आता मी झाडापुढे टक लावून बसले, तर आधी मीच वाळून जाईन. मी दुसऱ्या झाडाकडे जाते, जळण वेचते, टोपली विणते. डिंक त्याच्या वेळेला येतो." मग ती खुदकन हसली. "आणि बोलायचंच असेल, तर बोलायची एक वेळ ठरव. मी रोज दुपारी माझ्या मेलेल्या नवऱ्याशी भांडते. हल्ली मीच जिंकते."

शिकारी खो खो हसला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच. जाताना तो म्हणाला, "आजी, वाट मोकळी झाली की मीच कळवीन. तोवर वळशानेच जा."

तो परत वर चढला. या वेळी त्याने आधी दिवसाची वाटणी केली. पहाटे रानात फेरी मारायची आणि खूर, विष्ठा, उकरलेली माती बघत हिंडायचं. ऊन चढलं की हाताला काम. संध्याकाळी दबा. आणि भर दुपारी, खिंडीपासून लांब, वाऱ्याच्या उलट अंगाला असलेल्या टेकाडावर गप्पांचा तास. तिथे वानरांचं एक टोळकं बसे. शिकारी त्यांना गावातली लग्नं, भांडणं, पाटलांच्या घोरण्याचे प्रकार सगळं रंगवून सांगे. एक म्हातारा हुप्प्या तर गाल खाजवत अगदी शेवटपर्यंत ऐके.

हाताच्या कामांना तोटाच नव्हता. घायपाताची पानं चेचून, तंतू काढून त्याने दोर वळायला घेतला. रोज चार हात. बाण घासून सरळ केले. करवंदं वेचून वाळत टाकली. आणि खिंडीच्या वर, खडकांच्या सापटीत एक झरा पाचोळ्याने आणि गाळाने बुजलेला त्याला सापडला, तो त्याने उपसायला घेतला. कोणी सांगितलं नव्हतं, पण रोज थोडा गाळ काढला की थोडं पाणी जास्त दिसे, आणि दुसऱ्या दिवशी कधी एकदा तिथे जातो असं त्याला होई. किती दिवस झाले हे मोजायचं तो विसरूनच गेला.

आणखी एक गंमत झाली. दिवसभर हात चालल्यावर संध्याकाळी दबा धरून बसणं त्याला जड जाईना. जीभ दमलेली, अंग दमलेलं, मन निवांत. तो दगडासारखा स्थिर बसू लागला.

झरा मोकळा झाला तसं पाणी ओघळून खालच्या खळग्यात साचलं आणि तिथे छान मऊ चिखल झाला. एके पहाटे शिकाऱ्याने पाहिलं, तर चिखलात कोणीतरी लोळून गेलं होतं. शेजारच्या झाडाला कमरेएवढ्या उंचीवर ओला चिखल फासलेला, आणि त्यात काळे राठ केस चिकटलेले. रखरखत्या उन्हात त्या डुकराला गारवा सापडला होता!

शिकाऱ्याला त्या क्षणी ओरडायची इतकी इच्छा झाली, की त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मग तो धावत टेकाडावर गेला आणि ही बातमी आधी हुप्प्याला सांगितली.

त्याच दुपारी त्याने स्वतः वळलेल्या दोराने चिखलाजवळच्या एका झाडावर फांद्या बांधून मचाण केलं. पहिल्या संध्याकाळी डुक्कर आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. शिकारी तक्रार न करता उतरला, भाकरी भाजली, झोपला.

तिसऱ्या संध्याकाळी ऊन कलताना झाडी हलली. डुक्कर आलं. थांबलं. नाक वर करून बराच वेळ हुंगत राहिलं. शिकाऱ्याच्या मानेवर एक मुंगळा चढला आणि कडकडून चावला. तो हलला नाही. डुक्कर चिखलात उतरलं, एक गिरकी घेतली आणि आडवं उभं राहिलं. बाण पुढच्या पायामागे बरोबर वर्मी बसला. डुक्कर चार पावलं धावलं आणि खाली पडलं.

सगळं एकदम शांत झालं. शिकारी खाली उतरला, त्या दांडग्या जनावराजवळ गेला आणि त्याने हात जोडले. मग मात्र त्याने अशी आरोळी ठोकली, की समोरच्या कड्याने ती तीनदा परत पाठवली.

उतरताना तो आधी म्हातारीच्या झोपडीकडे गेला आणि बाहेरूनच ओरडला, "आजी, वाट मोकळी! या वेळी खरंच!"

गावात मोठा आनंद झाला. लंगडणारा कुंभारही काठी टेकत आला. सगळे पारावर जमले. आता हा शिकारीची गोष्ट रात्रभर सांगणार म्हणून कोणी घोंगड्याही आणल्या होत्या. पण डुकराची गोष्ट शिकाऱ्याने चार वाक्यांत संपवली. बाकी सगळा वेळ तो झऱ्याबद्दल, दोराबद्दल आणि हुप्प्याबद्दल बोलत होता.

"अरे, पण एवढे दिवस एकट्याने काढलेस कसे?" पाटलांनी विचारलं.

"पाटील, रिकामा बसलो ते नऊच दिवस मला काढावे लागले," शिकारी म्हणाला. "पुढचे कधी गेले, ते मला कळलंच नाही. किती झाले हो एकूण?"

"सव्वीस," त्याची बायको मागून म्हणाली, आणि सगळा पार हसला.

तात्पर्य एवढंच: लांबलेल्या कामात माणूस कष्टाने थकत नाही, रिकामपणाने थकतो. फळ येईल तेव्हा येईल, आजच्या दिवसाला आजचं काम द्यावं.