बत्ताशा आणि मठाची कण्हेर

“…ते सगळं खरं, पण कण्हेर कुत्र्याला विषारी असते की नसते, एवढंच सांगा महाराज!”

मी दुधाची किटली घेऊन मठाच्या पायऱ्या चढलो, तेव्हा महाराजांचा शिष्य चिंतामण हेच विचारत होता. बहुधा तिसऱ्यांदा. आवाज तापलेला होता.

गोविंदगीर महाराज ओट्यावर बसले होते. त्यांच्या मांडीला टेकून बत्ताशा पसरलेला. मठातलं कुत्रं ते. महाराजांचा हात त्याच्या पाठीवर फिरत होता. हे रोजचंच होतं.

“असते,” महाराज म्हणाले. “पान, फूल, मुळी… सगळी विषारी.”

चिंतामणने माझ्याकडे बघितलं. मी हातातली दोरी पाठीमागे नेली.

आता खोटं कशाला बोलू? दोरी त्यानेच आणायला सांगितली होती. आदल्या दिवशी मला विहिरीपाशी गाठून म्हणाला, “बाळकू, ते कुत्रं तुझ्या गोठ्यावर घेऊन जा. मठाभोवती सगळी कण्हेर. एखाद दिवशी फूल चघळेल नि मरेल बिचारं.” गडी शेतकी कॉलेज शिकून आलेला. झाडांतलं त्याला कळणार, मला काय कळतंय? पण ‘बिचारं’ म्हणताना त्याने दात आवळले होते, तेवढं मात्र मला कळलं.

“मग महाराज, जिवाशी खेळ नको,” चिंतामण म्हणाला. “बाळकू न्यायला तयार आहे. त्याच्याकडे म्हशी आहेत. ताक-भाकरी मिळेल, सुखात राहील…”

“त्याला कशाला न्यायचं? कण्हेर तोड.”

“काय?”

“कोपऱ्यात कुऱ्हाड आहे. घे.”

चिंतामणचं तोंड उघडंच राहिलं. ती कण्हेर थोरल्या महाराजांनी, म्हणजे महाराजांच्या गुरूंनी लावलेली. चाळीस झाडं. रोज सकाळी चिंतामणच त्यांची फुलं काढून महादेवाला वाहायचा. गावातल्या कुणी फांदी वाकवली तरी अंगावर धावून जायचा.

“थोरल्या महाराजांची झाडं… एका कुत्र्यापायी?”

“जिवाशी खेळ नको, असं तूच म्हणालास ना?”

झालं! स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडला गडी. मला हसू यायला लागलं. पण दोरी माझ्याच हातात होती, मी कुठल्या तोंडाने हसणार?

चिंतामणने कुऱ्हाड घेतली. पहिल्या झाडापाशी गेला. झाड गुलाबी फुलांनी नुसतं लगडलेलं. त्याने कुऱ्हाड उचलली… खाली घेतली. परत उचलली…

बत्ताशाने एक डोळा उघडून बघितलं नि मिटून घेतला. त्याचं काय जातंय!

“हात का थांबला रे?” महाराजांनी ओट्यावरूनच विचारलं.

चिंतामणने कुऱ्हाड फेकून दिली.

“मरू दे ती कण्हेर!” तो ओरडला. मठात एवढ्या मोठ्याने कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. “मला तो डोळ्यांसमोर नकोय. बस्स! नऊ वर्षं झाली मला इथे येऊन. झाडलोट केली, पाणी भरलं, तुमचे पाय चेपले. एकदा… एकदाही माझ्या पाठीवर हात ठेवला नाहीत तुम्ही. आणि हे उकिरड्यावरचं कुत्रं मागच्या शिमग्याला आलं काय, नि रोज सकाळी तासभर तुमचा हात त्याच्या पाठीवर! जळतं हो माझं. कुत्र्यावर जळतोय मी! लाज वाटते, तरी जळतं. घास उतरत नाही घशाखाली.”

आणि त्याला रडू कोसळलं. पस्तिशीचा माणूस, ओट्याखाली मटकन बसून हुंदके देत होता. मी आपला किटलीकडे बघत उभा राहिलो. दुसऱ्याचं असलं काही बघू नये.

महाराजांचा हात तेवढा चालूच होता.

मग त्यांनी डावी मूठ पुढे केली नि उघडली.

तळव्यावर चार-पाच गोचीड होते. एरंडाच्या बियांएवढे फुगलेले, पाय वळवळवत.

अहो, माझा जन्म जनावरांत गेला. रोज दूध घालायला येतो, रोज बघतो, नि मला वाटायचं, महाराज कुत्र्याला कुरवाळताहेत!

चिंतामणने डोळे पुसून पुन्हा बघितलं.

“म्हणजे… तासभर तुम्ही हे काढत होता?”

“हं.”

“रोज?”

“रोज नवे लागतात त्याला. मग येतो, अंग घासतो माझ्यावर.”

चिंतामण हळूच म्हणाला, “मला वाटलं, माया करताय.”

महाराजांनी बत्ताशाला ढकलून बाजूला सरकवलं. तो कुरकुरत उठला नि थेट कण्हेरीच्या सावलीत जाऊन पडला. ओट्यावर जागा झाली.

“ये, बस,” महाराज म्हणाले.

“माझ्या अंगावर कुठे आहेत गोचीड?”

“मघाशी ओरडलास तेव्हा एक दिसला. नऊ वर्षं रक्त पिऊन टम्म फुगलाय. पाठ कर इकडे.”