भुकेचा दाखला

"खरा भुकेला कोण आणि खोटा कोण, याची बिनचूक खूण उद्या सकाळी हवी! नाहीतर अन्नछत्राला कुलूप!" सोनगिरीच्या राजाने फर्मावलं.

हा राजा प्रजेनेच हात वर करून निवडलेला. कोठारं गच्च भरलेली, तरी छत्रापुढची रांग हटेना. नदीपलीकडचं राज्यही तितकंच श्रीमंत. तिथे मात्र न विचारता जेवू घालत, आणि माणसं धडधाकट होऊन कामाला लागत.

"आपली माणसंच आळशी, महाराज!" म्हातारे प्रधान धोंडोपंत ढेकर देत म्हणाले. आयुष्यात पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांनी स्वतः उचलला नव्हता. "भुकेचा दाखला सक्तीचा करा. तीन कचेऱ्यांचे तीन शिक्के!"

"आणि ज्याला चालवतच नाही, त्याने?" राजाने विचारलं.

"त्याने तसा दाखला आणावा. स्वतः चालत येऊन!"

उष्ट्या थाळ्या उचलायला आलेल्या हौसाने हे ऐकलं. छत्रातली आणि राजवाड्यातली भांडी तीच घासायची. दिवसभर राबूनही तिचं आणि आंधळ्या आईचं पोट छत्राच्याच पंगतीत भरायचं.

सकाळी तिने भर दरबारात थाळ्यांच्या दोन चळती दणकन आदळल्या.

"काय गं कार्टे, हा दरबार आहे की मोरी?" धोंडोपंत कडाडले.

"खूण आणलीय, आजोबा! महाराज, ही चळत कालची, छत्रातली. बोट फिरवून बघा."

राजाने बोट फिरवलं. थाळी लख्ख! "घासलीस म्हणून."

"अजून पाणीसुद्धा लावलं नाही! आणि ही तुमच्या कालच्या मेजवानीतली."

अर्ध्या जिलब्या, उष्ट्या पुऱ्या, थिजलेलं तूप. सगळ्यात भरलेल्या थाळीच्या काठावर तपकीर सांडलेली! धोंडोपंतांनी तपकिरीची डबी झटकन कनवटीला खोचली.

"आधी वाढा, मग ओळखा. भूक नसताना पंगतीला कोण बसलं होतं, थाळीच सांगतेय!"

"पण एखादा पोट भरलेला लबाड छत्रात घुसला तर?" राजाने विचारलं.

"कोरड्या भाकरीसाठी? भर उन्हात? आजोबा, येता का उद्या रांगेत?"

धोंडोपंतांचा चेहरा बघून राजाला असं हसू फुटलं की मुकुट नाकावर घसरला!

"छत्र सगळ्यांना उघडं! कारभार तुझा, पगार प्रधानाइतका. आणखी काही?"

"तो दाखला फुकट घालवू नका, महाराज. मेजवानीच्या दाराला लावा!"

"मंजूर!" राजा डोळे पुसत म्हणाला. "धोंडोपंत, उद्या जेवायला या. तीन शिक्के घेऊन. स्वतः चालत!"