सात कड्यांची शिळा

कोणत्या राजाच्या काळात घडली ते विचारू नका, पण गोष्ट फार फार जुनी आहे. एका टेकडीवर दगडी टाकं होतं आणि पायथ्याशी गाव. टाक्यातलं पाणी पाटाने गावात येई. टाक्यावर झाकण म्हणून एक शिळा होती. ती इतकी जड, की तिला सात लोखंडी कड्या होत्या. गावातल्या सात आळ्यांमधून एकेक माणूस आला, तरच ती सरकायची.

दर अमावास्येला सात जण टेकडी चढत, शिळा सरकवत, आत डोकावत. मग टाक्याचा राखणदार सगळ्यांदेखत पहिली ओंजळ पीत असे.

राखणदार रायाजी सचोटीचा माणूस. एका आळीला घागरभर जास्त, दुसरीला कमी, असं त्याने कधी केलं नाही. पण ती ओंजळ पिताना त्याच्या मनाला झोंबायचं. मी काय चोर आहे?

एकदा तो चावडीवर म्हणाला, "इतकी वर्षं पाणी राखतोय, अजून माझी परीक्षाच घेता होय? पूर्वजांना अक्कल नव्हती. एवढं जड झाकण कुणी करतं का? मी हलकं लाकडी करून घेतो. एकटा उघडेन, एकटा झाकेन. तुमचे पाय तरी दुखणार नाहीत."

खरं सांगायचं तर, टेकडी चढायचा कंटाळा सगळ्यांनाच आला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त ठकूमावशी कुंभारीण म्हणाली, "अरे रायाजी, आम्ही तुला बघायला थोडेच येतो? पाणी बघायला येतो."

"एकच ना ते, मावशी!" रायाजी फणकारला. शिळा टेकडीखाली लोटून दिली गेली.

दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात लाकूड वाळून आक्रसलं आणि झाकणाला वीतभर फट पडली. एका सकाळी रायाजीने पाहिलं, तर पाण्यावर मेलेलं कबूतर फुगून तरंगत होतं. त्याने ते काढून पुरलं. टाकं उपसायला हवं होतं. पण उपसायचं म्हणजे गावाला बोलवायचं, आणि गाव आलं की ती फट दिसणार. रायाजीने वाळ्याच्या जुड्या आणल्या आणि पाण्यात सोडल्या.

"यंदा पाण्याला काय सुवास आहे!" पाणवठ्यावर बायका म्हणू लागल्या. "राखणदार असावा तर असा!"

रायाजी मान खाली घालून निघून जाई. लोकांना वाटे, किती विनयी माणूस! कौतुकानेही तोंड लपवावंसं वाटतं, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. आठवड्याभरात घरोघरी जुलाब-उलट्यांनी माणसं अंथरुणाला खिळली.

ठकूमावशीही आजारी पडली. रायाजी तिला बघायला गेला, तेव्हा ती क्षीण आवाजात म्हणाली, "घसा कोरडा पडलाय रे. ते तुझं वाळ्याचं पाणी दे. तुझ्या हातचं दे."

रायाजीने तांब्या उचलला. मग वळून त्याने सगळं पाणी दाराबाहेर ओतून दिलं.

"नको पिऊस, मावशी," तो म्हणाला आणि त्याने रडत रडत सगळं सांगितलं.

मावशीने डोळे मिटले. "त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर आम्ही रागावलो असतो," ती म्हणाली. "नुसते रागावलो असतो."

मावशीला सांगितलं ते सगळं त्याने मग चावडीवरही सांगितलं. लोक शिव्या द्यायला उठले. मग एकेकाला आठवलं, की इतक्या दिवसांत आपणही टेकडीकडे पाहिलं, ते फक्त खालून. एकेक जण खाली बसला.

टाकं उपसलं, घासलं, तळच्या झऱ्याने पुन्हा भरू दिलं. शिळा वर चढवायला साऱ्या गावाला तीन दिवस लागले. वाटेत एक जण म्हणाला, "थोडी तासून हलकी करू या का?"

"नको," रायाजी म्हणाला. "एकट्याला उचलता येऊ नये, म्हणूनच ती जड केलीय. पूर्वजांना अक्कल होती. मला नव्हती."

अमावास्येला सात जणांनी शिळा सरकवली. ठकूमावशी काठी टेकत टेकत वर आली होती. तिने आत नीट डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "पी, रायाजी."

रायाजीने सगळ्यांदेखत ओंजळ तोंडाला लावली. पाणी निर्मळ होतं. दुसरी ओंजळ त्याने ठकूमावशीपुढे धरली.

म्हणून म्हणतात, पाणी सगळ्यांचं, तर त्यावर नजरही सगळ्यांची हवी. राखणदार कितीही भला असो.